कमी पाण्याच्या फ्रंट लोडमध्ये कपडे खरंच स्वच्छ कसे निघतील: सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने

सेमी-ऑटोमॅटिक काढून फ्रंट लोड (समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन) घेतलं की महिनाभरात घराघरात तीच वाक्यं ऐकू येतात. कॉलर तशीच आहे, टॉवेलला वास येतोय, काळ्या पँटवर पांढरं काय लागलंय, आणि मग शेवटी "एवढंसं पाणी घेतं मेलं, त्यात काय डोंबल धुणार". कोणी परत बादलीत धुवायला लागतं, कोणी पावडरच्या ड्रॉवरमधून वरून तांब्याने पाणी ओततं, कोणी पावडर दुप्पट करतं. यातल्या शेवटच्या दोन उपायांनी कपडे अजून खराब निघतात.

का ते आधी दोन ओळीत. सेमी किंवा टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात पोहतात, त्याला एका वेळी साधारण १०० ते १५० लिटर पाणी लागतं. फ्रंट लोड ५०-६० लिटरमध्ये सगळं उरकतं कारण तिथे कपडे पोहतच नाहीत, ड्रम त्यांना वर उचलतो आणि खाली टाकतो, म्हणजे नदीवर दगडावर आपटून धुण्याचाच प्रकार झाला. म्हणून त्याला पडायला जागा लागते, वेळ लागतो, थोडी उष्णता लागते आणि कमी फेस होणारं डिटर्जंट लागतं. पाणी कमी केलं की ती कसर बाकीच्या गोष्टींनी भरून काढायची असते आणि आपण नेमकं तिथेच वाचवायला बघतो: १५ मिनिटांचा प्रोग्राम, थंड पाणी, बादलीची पावडर, आणि ड्रम दाबून दाबून भरलेला.

खाली जो क्रम दिलाय तो बदलू नका. लोक थेट डिटर्जंट बदलतात, मग प्रोग्राम बदलतात, मग कंपनीला शिव्या घालतात, आणि मशीनचा फिल्टर दोन वर्षात एकदाही उघडलेला नसतो.

१. आधी नक्की काय बिघडलंय ते ठरवा

"नीट धुत नाही" ही तक्रार फार मोघम आहे. वाळलेले कपडे उजेडात नेऊन बघा.

कॉलर-कफ मळके, डाग तसेच, पण बाकी कपडा ठीक असेल तर लोड, प्रोग्राम आणि डाग आधी न घासणं इथे गडबड आहे (टप्पा ४, ५, ७).

काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे, टॉवेल पापडासारखा कडक, तर पावडर विरघळली नाही किंवा पाणी जड आहे (टप्पा ३ आणि ६).

कुबट वास येतोय तर मशीनच घाण आहे किंवा कपडे आत पडून राहतात (टप्पा २ आणि ९).

सगळेच पांढरे कपडे हळूहळू करडे व्हायला लागलेत तर डिटर्जंट कमी पडतंय किंवा पाण्याचं तापमान, बऱ्याचदा दोन्ही (टप्पा ६ आणि ७). इथे लोक उलट समजतात की पावडर जास्त होतेय म्हणून, पण निघालेला मळ पाण्यात धरून ठेवायलाही डिटर्जंट लागतं, ते कमी पडलं की तोच मळ सगळ्या कपड्यांवर पातळ थरात परत बसतो.

अंगाला खाज येते, कपडा ओला केला की फेस येतो, तर विसळणं कमी पडतंय (टप्पा ९ आणि १०).

२. कपड्यांच्या आधी मशीन धुवा

घाण मशीनमध्ये कुठलाही प्रयोग केला तरी निकाल खोटाच येणार.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. मधे एक बटण किंवा खटका असतो तो दाबून ओढला की निघतो. कंडिशनरच्या कप्प्यात बहुतेक घरात काळपट बुळबुळीत थर सापडतो, जुन्या टूथब्रशने घासून काढा. ड्रॉवर जिथे बसतो त्या खोबणीत वरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पाणी तिथून पडतं. ती बुजली की पावडर ड्रममध्ये जातच नाही, मग कपडे नुसत्या पाण्यात फिरतात.

दाराचं रबर बोटांनी उलटून बघा. घडीत केस, नाणी, मोजे, आणि एक करडा चिकट लगदा असतो. कपड्यांवर जे अधूनमधून करडे तेलकट ठिपके येतात ते इथूनच. ओल्या फडक्याने, थोडं लिक्विड लावून पुसा.

खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून पंपाचा फिल्टर काढा. आधी खाली परात किंवा ताट ठेवा, तिथली छोटी नळी असेल तर तिने पाणी आधी काढून घ्या, नाहीतर सगळी बाल्कनी ओली.

सावधान: मशीन गरम प्रोग्रामवर नुकतंच चाललं असेल तर फिल्टर लगेच उघडू नका, उकळत्यासारखं पाणी येतं.

मग नळ बंद करून मागचा इनलेट पाईप सोडा. पाईप मशीनला जिथे लागतो तिथे बारीक जाळी असते, टँकरचं पाणी असेल तर ती गाळाने भरलेली असणारच. पक्कडीने हळूच ओढून धुवून परत बसवा.

सगळ्यात शेवटी रिकाम्या मशीनवर टब क्लीन किंवा ड्रम क्लीन लावा. तो प्रोग्राम नसेल तर कॉटन ९० अंश, नाहीतर जे सर्वात गरम असेल ते. क्षार जमले असतील तर डीस्केलिंग पावडर टाका, ती बहुतेक सायट्रिक अ‍ॅसिडची असते. नंतर महिन्यातून एकदा हे करायचं.

सावधान: डीस्केलर, व्हिनेगर, लिंबूसत्त्व यातलं काहीही आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्याकडे मशीन बऱ्याचदा बंद बाथरूममध्ये असतं. एकावेळी एकच.

३. पाणी आणि पाईप

या टप्प्यावर कोणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारींचं मूळ इथे निघतं असं माझं मत आहे.

प्रेशर: मशीनच्या मॅन्युअलमध्ये किमान प्रेशर दिलेलं असतं, मॉडेलप्रमाणे ०.३ ते १ बारच्या दरम्यान कुठेतरी. १ बार म्हणजे टाकी नळाच्या १० मीटर वर. सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच असेल तर तुम्हाला ०.३-०.४ बारच मिळतंय. मशीन पाणी घेतं, पण इतकं हळू की ड्रॉवरमधली पावडर वाहून जायच्या ऐवजी तिथेच चिखल होते.

चेक: मशीनचा नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली भरा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर प्रेशर कमी धरा. अशा घरात प्रेशर पंप बसवा किंवा निदान पावडर सोडून लिक्विडवर या.

ड्रेन पाईप: याने तर लोक महिनोन्महिने फसतात. पाणी सोडायचा पाईप मॅन्युअलप्रमाणे साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर अडकवलेला पाहिजे. आपल्याकडे तो सरळ जमिनीवर टाकून मोरीच्या जाळीत खुपसून देतात, मग होतं काय की मशीन पाणी घेतं आणि ते आपोआप खालून वाहून जातं, मशीन परत घेतं, परत जातं, आणि त्याबरोबर सगळं डिटर्जंट पहिल्या दहा मिनिटात गटारात. धुणं चालू असताना जाळीत पाणी वाहताना दिसलं तर हेच आहे. पाईप मागच्या क्लिपमध्ये वर अडकवा, आणि त्याचं टोक पाण्यात बुडालेलं राहू देऊ नका.

पाण्याचा जडपणा: टीडीएस मीटर लावून "आमचं पाणी जड आहे" म्हणतात, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं माप, जडपणा नव्हे. जडपणा फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, आणि डिटर्जंट वाया घालवतात ते हे दोघं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेला आहे. म्हणजे टँकरवाला "प्यायचं पाणी आहे साहेब" म्हणाला तरी कपड्यांसाठी ते चांगलंच जड असू शकतं. मुंबईत तानसा-भातसाचं तलावाचं पाणी येतं ते मऊ, तिथे ही भानगड कमी. पुण्याच्या कडेच्या सोसायट्या ज्या बोअर आणि टँकरवर चालतात, मराठवाड्यातले बोअर, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा, इथे मात्र हे आधी बघायचं.

चेक: दोन सारख्या बाटल्या घ्या, एकात आरओचं पाणी, एकात नळाचं, अर्ध्या अर्ध्या. दोन्हीत अंघोळीच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवा. डिटर्जंट टाकू नका, त्याने फरक कळत नाही. नळाच्या बाटलीत फेस नाही आणि पाणी दुधाळ झालं तर जड आहे. तूरडाळ शिजता शिजत नाही, नळाच्या तोंडाला पांढरं कवच धरतं, या खुणा तर घरात माहीत असतातच.

पाणी जड असेल तर तीन गोष्टी. डिटर्जंटच्या पाकिटावर जड पाण्याचं वेगळं माप असेल ते वापरा. धुण्याचा सोडा भरपूर असलेली स्वस्त पावडर बंद करा, जड पाण्यात त्यातून खडूसारखा साका बनतो आणि तो कपड्यावर बसतो, टॉवेल कडक होतो तो बऱ्याचदा याने. आणि परवडत असेल तर रेझिनचा सॉफ्टनर, ज्यात मीठ टाकावं लागतं तो. नळाला लावायची जी छोटी फिल्टरची नळी मशीनबरोबर खपवतात तिने हीटरवर क्षार जमायचं कमी होतं, पण पाणी मऊ होत नाही. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस मीटरचा आकडा तसाच दिसला म्हणून घाबरू नका, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं त्यामुळे आकडा कमी होत नाही. सॉफ्टनरनंतर मात्र डिटर्जंट कमी करायचं, नाहीतर फेसच फेस.

४. कपडे वेगळे करा, वजन करा, डाग आधी हाताळा

मशीनवर ७ किलो लिहिलंय ते फक्त कॉटन प्रोग्रामसाठी, तेही कोरड्या कपड्यांचं. त्याच मशीनमध्ये सिंथेटिक प्रोग्रामला बहुतेक साडेतीन किलोच्या आसपास आणि क्विकला दोन किलो किंवा त्याहून कमी. मॅन्युअलच्या शेवटी तक्ता असतो, तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

अंदाज यायला: शर्ट पाव किलोच्या आत-बाहेर, जीन्स ६००-७०० ग्रॅम, अंघोळीचा टॉवेल अर्धा किलो, डबल बेडची चादर पाऊण ते एक किलो, सुती साडी अर्धा किलो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असेल तर पिशवीत कपडे भरून दोन-चार वेळा तोला, मग डोळ्यालाच कळायला लागतं.

टॉवेल, चादरी एका लोडला; शर्ट, टीशर्ट दुसऱ्याला; जीन्स काळे-निळे तिसऱ्याला. एकच मोठी चादर आणि चार मोजे असं टाकू नका, चादरीचा गोळा होतो, तोल जातो आणि मशीन स्पिन करत नाही (एलजीवर यूई असं काहीतरी दिसतं ते हेच). चादरीबरोबर दोन टॉवेल टाका. साडी जाळीच्या पिशवीत, दुलईच्या खोळीची बटणं लावून, नाहीतर सगळे मोजे खोळीत शिरून कोरडेच बाहेर येतात. गोधडी घरच्या मशीनमध्ये नकोच. ती पाणी पिऊन इतकी जड होते की मधला भाग ओलासुद्धा नीट होत नाही, आणि बेअरिंगचीही वाट लागते.

डागांबद्दल. कमी पाण्याच्या मशीनला डाग दाखवून द्यावा लागतो, ते स्वतः शोधत नाही.

कॉलर-कफला लिक्विड डिटर्जंट बोटाने चोळून १५-२० मिनिटं ठेवा, मग तसंच मशीनमध्ये. एवढं केलं तरी निम्मी तक्रार जाते.

रक्त, दूध, अंडं यांचे डाग आधी थंड पाण्याने. गरम पाणी आधी लागलं की ते शिजून धाग्यात पक्के बसतात.

भाजी-आमटीचा डाग म्हणजे तेल आणि हळद दोन्ही. आधी भांडी घासायचं लिक्विड लावून तेल काढा. साबण लागला की हळद लालभडक होते, लोक घाबरून अजून घासत बसतात, गरज नाही, ती साबणाच्या अल्कलीने रंग बदलते आणि विसळलं की परत पिवळी होते. नेहमीसारखं धुवून डागाची बाजू थेट उन्हात येईल असं वाळत घाला, एक-दोन कडक उन्हात बरीचशी उडते. पावसाळ्यात लागलेली हळद राहिली तर ऊन पडेपर्यंत थांबा.

चिखल पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रश करा, मग धुवा. ओला चिखल मशीनमध्ये टाकलात तर त्या लोडमधले बाकीचे कपडेही त्याच पाण्यात फिरणार, आणि पाणी किती थोडं आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

५. ड्रम भरणं

कपडे एकेक झटकून, मोकळे करून टाका. बादलीतून गोळा उचलून कोंबायचा नाही.

चेक: कपडे भरल्यावर वर हाताची वीत उभी जाईल इतकी जागा राहिली पाहिजे, ढोबळ मानाने ड्रमचा तीन चतुर्थांश. हात आत घालायला दाबावं लागलं तर दोन-तीन कपडे काढा. त्यांना वरून पडायला जागाच नसेल तर ते नुसते एकत्र गोल फिरतात, मधले कपडे मधेच, कडेचे कडेला.

उलटही वाईट. तीन शर्ट टाकून मोठं मशीन चालवलं तर ते ड्रमला चिकटून घसरतात आणि आपटले जात नाहीत. निदान एक तृतीयांश तरी भरा.

कपडे आधी ओले करून टाकायची युक्ती बरेच जण सांगतात, म्हणे मशीनला वजन जास्त वाटतं आणि ते पाणी जास्त घेतं. काही मशीन ड्रम फिरवून वजन ओळखतात, तिथे हे चालतं. काही मशीन कपड्यांनी किती पाणी शोषलं त्यावरून ठरवतात, तिथे ओले कपडे कमी शोषतात म्हणून पाणी अजूनच कमी येतं. त्यापेक्षा मशीनवर वॉटर प्लस किंवा एक्स्ट्रा रिन्स बटण असेल तर ते दाबा. आणि ड्रॉवरमधून तांब्याने पाणी ओतणं तर नकोच, कपडे पाण्यावर तरंगले की आपटणंच बंद होतं.

६. डिटर्जंट: कोणतं, किती, कुठे

कोणतं: पाकिटावर फ्रंट लोड लिहिलेलंच. बादलीच्या पावडरीत फेस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, आपल्याला फेस दिसला की समाधान वाटतं ना. ड्रममध्ये तोच फेस गादीसारखा मधे येतो, कपडे मऊ आपटतात, मळ सुटत नाही, पंपात फेस अडकतो आणि मशीन फेस घालवायला विसळण्याची वेळ खातं.

रोजच्या हलक्या मळाला, गडद कपड्यांना, कमी प्रेशरच्या घरात लिक्विड बरं. पांढरे कपडे, टॉवेल, चादरी यांना चांगली पावडर, शक्यतो ऑक्सिजन ब्लीच असलेली, ते सहसा लिक्विडमध्ये नसतं.

किती: पाकिटावरच्या मापाने, आणि मापाचा चमचा किंवा टोपण वापरून. लोड अर्धा असला तर डिटर्जंट अर्धं करू नका, दोन तृतीयांश ठेवा, कारण पाणी त्या प्रमाणात अर्धं होत नाही.

कुठे: इथे सगळे चुकतात. ड्रॉवरमध्ये तीन कप्पे असतात. एक उभी रेघ म्हणजे प्रीवॉश (मुख्य धुण्याच्या आधीचं धुणं), दोन उभ्या रेघा म्हणजे मुख्य धुणं, फुलाची खूण म्हणजे कंडिशनर. पावडर दोन रेघांच्या कप्प्यात. एक रेघेच्या कप्प्यात टाकली आणि प्रीवॉश लावला नसेल तर ती तिथेच पडून राहते. प्रीवॉश लावला असेल तर पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि खरं धुणं बिनसाबणाचं होतं. कप्पे डावी-उजवीकडून कुठलेही असू शकतात, क्रमावर जाऊ नका, खूण बघा.

लिक्विड टाकताना कप्प्यात प्लास्टिकची उघडझाप होणारी पट्टी असेल तर ती खाली करा. टायमर लावून पहाटेचं धुणं ठेवणार असाल तर पट्टीशिवाय लिक्विड टाकू नका, ते रात्रभरात गळून जातं.

चेक: धुणं झाल्यावर ड्रॉवर उघडा. ओला लगदा राहिलाय? टप्पा ३ मधलं प्रेशर आणि टप्पा २ मधली इनलेटची जाळी परत बघा.

७. प्रोग्राम

सर्वात मोठी निराशा १५ मिनिटांच्या क्विकमुळे आहे. ते धुणं नाहीच, एकदा घातलेला, घाम न आलेला शर्ट ताजा करायची सोय आहे ती, दोन किलोपर्यंत. ऑफिस-लोकलमध्ये घामाघूम झालेले सात जणांचे कपडे त्यात टाकून मशीनला नावं ठेवणं बरोबर नाही.

रोजचे कपडे: मिक्स किंवा सिंथेटिक, ३० किंवा ४० अंश. डिटर्जंटमधली एन्झाइम याच तापमानात नीट काम करतात. नळाचं पाणी डिसेंबर-जानेवारीत नाशिककडे किंवा विदर्भात पहाटे हात लावू देत नाही इतकं गार असतं, तेव्हा "कोल्ड" वर धुणं म्हणजे पावडर वाया.

टॉवेल, चादरी, आतले कपडे, गमछे: कॉटन ६० अंश, आठवड्यातून एकदा तरी. नेहमीच गार पाण्यावर धुणाऱ्या घरात मशीनला वास येतो.

पांढरे गणवेश: कॉटन ४०, कॉलर आधी घासून.

इको प्रोग्राम तीन-साडेतीन तास दाखवतो म्हणून लोक तो टाळतात. खरं तर तो लांब असतो कारण पाणी कमी गरम करून वेळ वाढवून धुतो, वीज मुख्यतः हीटर खातो, मोटर नाही. वेळ असेल तर जरूर लावा, मळ चांगला निघतो. फक्त इकोमध्ये विसळणं बेताचं असतं, एक्स्ट्रा रिन्स जोडा.

सावधान: गीझरचं गरम पाणी इनलेटला जोडू नका. एकच इनलेट असलेलं मशीन गार पाण्यासाठी बनवलेलं असतं, आणि वरून सगळंच पाणी गरम आलं की रक्ता-दुधाचे डाग पक्के होतात, विसळणंही गरम पाण्यात होतं.

८. चालू असताना दोनदा डोकवा

१० मिनिटांनी: कपडे वर जाऊन पडताना दिसले पाहिजेत. काचेत खाली पाण्याचं तळं दिसत नाही म्हणून घाबरू नका, ते तसंच असतं, कपडे पूर्ण भिजलेले आणि चमकताना दिसले म्हणजे झालं. अजून कोरडी टोकं दिसत असतील तर लोड जास्त आहे.

अर्ध्या तासाने: फेस काचेच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असला तर ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर पुढच्या वेळी डिटर्जंट कमी. फेस अजिबात नाही आणि पाणी करडं दिसतंय तर जास्त.

६० अंशाचा प्रोग्राम असेल तर याच वेळी काचेला हात लावा. चांगली गरम लागली पाहिजे. गार असेल तर हीटर गेलाय, आणि मशीन हे दरवेळी सांगेलच असं नाही.

९. विसळणं, पिळणं, बाहेर काढणं

घरात लहान बाळ असेल, कोणाची त्वचा नाजूक असेल तर एक्स्ट्रा रिन्स कायम चालू ठेवा, साधारण दहा-पंधरा लिटर जास्त जातील, जाऊ देत. यात मात्र मशीनची बाजू मी घेणार नाही, लेबलवर पाण्याचा आकडा छान दिसावा म्हणून विसळण्यात हात आखडलेला असतो. वाचलेलं पाणी हवंच असेल तर शेवटच्या विसळण्याचं पाणी बादलीत धरून फरशी, बाथरूम, गॅलरी धुवा, फक्त पाईपची उंची न बदलता.

टॉवेलला कंडिशनर नको, त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषत नाही.

सुती कपड्यांना १००० किंवा १२०० स्पिन. जितकं पाणी पिळून जाईल तितकं विरघळलेलं डिटर्जंट पण जातं, आणि पावसाळ्यात वाळायचा बराच वेळ वाचतो.

झालं की लगेच बाहेर काढा. रात्री लावून सकाळी काढले की वास येणारच, मग कितीही महागाचं लिक्विड असो. दार आणि ड्रॉवर उघडे ठेवा, रबर पुसा. घरात लहान मुलं असतील तर दाराला काहीतरी लावून ते थोडंसंच उघडं राहील असं करा आणि चाइल्ड लॉक लावा.

१०. आधीच खराब झालेल्या कपड्यांचं काय

करडे, कडक, वास मारणारे कपडे एका धुण्यात सुधारत नाहीत. पांढरे सुती कपडे आणि टॉवेल अर्धा ड्रम भरा, डिटर्जंट अजिबात न टाकता कॉटन ६० लावा. १५ मिनिटांनी काचेतून बघा, फेस येताना दिसेल. तो सगळा आधीच्या धुण्यांचा साठलेला साबण. फेस येत नाही तोवर हेच परत करा, मग एकदा पावडर आणि ऑक्सिजन ब्लीच घालून ६० अंशाला नीट धुवा. रंग जाणारे कपडे, सिल्क, लोकर यांना हे नको.

११. खरंच मशीनचा दोष कधी समजायचा

वरचं सगळं करून, प्रत्येक धुण्याला एकच गोष्ट बदलून बघितली, तरी कपडे मळके, तेव्हा टेक्निशियनला बोलवा. त्याला "नीट धुत नाही" एवढंच सांगितलंत तर तो एक मोकळा प्रोग्राम फिरवून, "मशीन ओके आहे" लिहून, महागाची डीस्केलिंग पावडर विकून जाईल. त्याला नेमकं सांगा: ६० अंशाला काच गार राहते, किंवा ड्रम एकाच दिशेने फिरतो, किंवा पाणी घेता घेता बंद होतं (एलजीवर आयई, सॅमसंगवर ४सी किंवा ४ई), किंवा धुताना पाणी आपोआप जातं. फिरताना घरघर आवाज येत असेल तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, तो समोर असताना मशीन हमखास शहाण्यासारखं वागतं.

वॉरंटीत असाल तर तक्रार क्रमांक, तारीख आणि तो काय म्हणाला हे लिहून ठेवा, आणि त्याच्या समोर तुमच्याच मळक्या कपड्यांचा, मोजून भरलेला, ४० अंशाचा एक पूर्ण लोड चालवायला लावा. वेळ नाही म्हणाला तर तसं त्याच्याच कागदावर लिहून घ्या.